ऐकीव बातमीवरचा सौदा



मराठीतील 'अफवा' हा शब्द मूळचा अरबी आहे. 'अफवाह' म्हणजे तोंडे; तोंड या अर्थाच्या अरबी शब्दाचे ते अनेकवचन. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि येता येता त्याचा अर्थ पालटला. अनेक तोंडांतून फिरणारी, पण जिचा धनी कोणीच नाही, अशी वार्ता म्हणजे अफवा. दिव्य कुरआनात सूरह अन-नूरच्या पंधराव्या आयतीत हा शब्द मूळ अर्थाने आला आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याविरुद्ध मदीनेत जे कुभांड उठले, ते ज्यांनी एकाकडून ऐकून दुसऱ्याच्या कानी घातले, त्यांना तेथे समज दिलेली आहे. त्यात दोन गोष्टींवर बोट ठेवले आहे. पहिली, ज्ञान नसताना तोंडाने बोलणे. दुसरी, त्या बोलण्याला किरकोळ समजणे.

एका पवित्र स्त्रीवरचा आळ आणि शेअर बाजारातली टिप यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ती दुसरी गोष्ट, म्हणजे किरकोळ समजणे, ही बाजारात फार आढळते. म्हणून या अंकातील पाठासाठी हा विषय घेतला आहे.

हल्ली मोबाइलवर डिमॅट खाते उघडणे सोपे झाले आहे आणि आपल्या तरुणांपैकी अनेकांनी ते उघडलेही आहे. जुम्याच्या नमाजनंतर इमामाकडे येणारा प्रश्न बहुधा एकाच साच्याचा असतो: मौलाना, अमुक कंपनीचा शेअर हलाल आहे का? प्रश्न योग्यच आहे. कंपनीचा मूळ धंदा कोणता, तिच्यावर व्याजी कर्ज किती, तिच्या उत्पन्नात व्याजाचा अंश किती, हे पाहावेच लागते. त्याचे ठोकताळे आधुनिक फकीहांनी घालून दिलेले आहेत. चिप बनवणे हा उद्योग मुळात मुबाह आहे, त्यामुळे अशा कंपन्यांबाबत पुष्कळदा उत्तर अनुकूल येते. ते मिळाले की विचारणारा समाधानाने निघून जातो. पण दुसरा एक प्रश्न कोणी विचारत नाही, आणि शरीअतच्या दृष्टीने तोही तितकाच महत्त्वाचा आहे. हा समभाग आपण आजच का घेत आहात? कोणत्या ज्ञानाच्या आधारावर?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून दक्षिण कोरियातील एक प्रकरण पाहू. ते निवडण्याचे कारण असे की त्यातील तारखा व घटना सर्वांसमोर घडलेल्या आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या चिपला अतिशय वेगवान स्मृती लागते. या स्मृतीला 'हाय बँडविड्थ मेमरी' किंवा एचबीएम म्हणतात. भाकरीची चळत रचावी तशा स्मृतीच्या पातळ चकत्या एकावर एक रचून त्या सूक्ष्म उभ्या जोडण्यांनी आरपार जोडलेल्या असतात. चळत जितकी उंच, तितका उष्णतेचा आणि विजेच्या वापराचा प्रश्न बिकट. म्हणून एनव्हिडिया प्रत्येक पुरवठादाराचा माल आधी कसून तपासते. एसके हायनिक्स या कोरियन कंपनीने नव्या पिढीच्या एचबीएम३ई चे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मार्च २०२४ मध्ये सुरू केले. तिची जुनी प्रतिस्पर्धी सॅमसंग तपासणीतच अडकली होती. सॅमसंगचा माल पास होणार का आणि पुरवठ्याचा करार कधी होणार, या एका प्रश्नावर तिचा समभाग दीड वर्ष झुलत राहिला.

त्या झुल्याचे हेलकावे पाहा. मार्च २०२४ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग एवढेच म्हणाले की आम्ही सॅमसंगचा माल तपासत आहोत, आणि भाव एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक चढला. मे महिन्यात रॉयटर्स वृत्तसंस्थेने सूत्रांच्या हवाल्याने बातमी दिली की उष्णता व वीजवापर यांमुळे माल तपासणीत उतरला नाही; भाव पडला. जूनमध्ये तैपेई येथे ह्वांग यांनी ती बातमी नाकारली. ४ जुलैला एका कोरियन माध्यमाने छापले की सॅमसंग पास झाली. भाव उसळला आणि स्वतः सॅमसंगनेच सांगितले की हे खरे नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा बातमी आली की आठ थरांचा माल पास झाला. सॅमसंगचे उत्तर होते की तपासणी अजून चालू आहे. ८ ऑक्टोबरला कंपनीने तिमाहीचे अंदाजित आकडे जाहीर केले, अपेक्षेपेक्षा कमी कामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली आणि एका मोठ्या ग्राहकाला एचबीएम३ई पुरवण्यास उशीर होत असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये ८७ हजार वॉनच्या वर गेलेला समभाग १४ नोव्हेंबर २०२४ ला ४९,९०० वॉनवर बंद झाला.

या काळात विकणारे कोण आणि घेणारे कोण? परदेशी संस्था सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत सलग ३३ सत्रे निव्वळ विक्री करीत होत्या. पडत्या भावात घेणाऱ्यांमध्ये कोरियातील सामान्य लोकांचा भरणा मोठा होता. तिकडे या छोट्या गुंतवणूकदारांना 'मुंग्या' म्हणतात. थोडे थोडे साठवणारे, संख्येने अगणित आणि मोठ्यांच्या पायाखाली येणारे, असा त्या नावाचा ध्वनी आहे.

मुंग्यांवरून सूरह अन-नम्ल आठवते. 'नम्ल' म्हणजे मुंगीच. त्याच सूरहमध्ये हजरत सुलैमान (अ.) आणि हुदहुद पक्षी यांचा वृत्तांत आहे, आणि आपल्या विषयाला तो नेमका लागू पडतो. हुदहुद गैरहजर राहिला, मग परत येऊन त्याने सबा देशाची वार्ता सांगितली. ती त्याने स्वतः पाहिलेली होती, आणि आपण खात्रीची वार्ता आणली आहे असे तो ठासून सांगत होता. तरीही हजरत सुलैमान (अ.) यांनी ती ऐकून लगेच फौज हलवली नाही. तू खरा की खोटा हे आधी पाहू, असे त्याला सांगून त्यांनी पत्र देऊन त्यालाच परत धाडले. सांगणारा आपल्याच दरबारातला, पाहणारा तोच, वार्ताही पुढे खरीच निघाली. तरी शहानिशा टळली नाही. जेथे सांगणाऱ्याचा ठावठिकाणाच नाही, तेथे काय करावे हे सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीने स्पष्ट केले आहे: अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर 'तबय्युन' करावे, म्हणजे ती उलगडून, पारखून पाहावी, नाहीतर अजाणता कोणाचे तरी नुकसान होईल आणि मग पश्चात्ताप करीत बसावे लागेल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. वाचक म्हणेल, मौलाना, व्यापार म्हणजे जोखीम आलीच. सगळे निश्चित कळेपर्यंत थांबलो तर नफा कोणाला मिळणार? अगदी बरोबर. शरीअतने जोखीम नाकारलेली नाही. उलट, जो जोखीम उचलतो त्यालाच नफ्याचा हक्क पोहोचतो, हे तत्त्व हदीसमधूनच आले आहे. भागीदारी व मुदारबा जोखमीवरच उभे आहेत. निषिद्ध आहे तो 'गरर', म्हणजे सौद्याच्या विषयातच असलेली अंधारी अनिश्चितता. फकीह तिची उदाहरणे देतात ती पाण्यातल्या मासळीची आणि आकाशातल्या पक्ष्याची. सॅमसंगचा ताळेबंद वाचून, तिचा स्मृतिचिपांचा धंदा समजून घेऊन, तपासणीत उशीर होऊ शकेल हे गृहीत धरून एखाद्याने समभाग घेतला, तर ती व्यापारी जोखीम आहे. केवळ 'करार झालाच म्हणून समजा' या ऐकीव वाक्यावर घेतला, तर समभागाचा करार त्यामुळे अवैध ठरणार नाही, कारण विकत घेतलेली वस्तू ज्ञात आहे. पण घेणाऱ्याने तबय्युनचा आदेश बाजूला सारला आणि आपले धन, बहुधा आपल्या मुलाबाळांचे धन, निष्काळजीपणे लावले. सौद्याची वैधता आणि सौदा करणाऱ्याचे दायित्व या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढेही तो लागणार आहे.

घेणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचे प्रकरण अधिक कठीण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'नजश' निषिद्ध केला. नजश म्हणजे स्वतःला वस्तू घ्यायची नसताना केवळ दुसऱ्याला भरीस पाडण्यासाठी तिची किंमत चढवणे. जुन्या बाजारात हे लिलावात खोटी बोली लावून होत असे. आज त्यासाठी बाजारात उभे राहावे लागत नाही. आधी स्वतः समभाग घ्यायचा, मग गटात लिहायचे की अमुक कंपनीला मोठी ऑर्डर मिळत आहे, आतली बातमी आहे. भाव चढला की स्वतः बाहेर पडायचे. रीत बदलली, कृत्य तेच. हनफी फकीहांच्या मते अशा रीतीने झालेला सौदा लागू होतो, पण तो मकरूह तहरीमी आहे; शाफई मतातही सौदा वैध, पण कृत्य हराम. अर्थात सौदा टिकला म्हणून गुन्हा पुसला जात नाही. आणि ज्याचा असा कोणताच हेतू नव्हता, ज्याने फक्त आलेला संदेश पुढे ढकलला, त्याचे काय? ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रारंभीच आहे. 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' असे वर लिहिल्याने सुटका होत नाही.

यापेक्षाही मला 'तलक्की अल-रुकबान'चा निषेध अधिक अर्थपूर्ण वाटतो, आणि आपल्याकडे त्यावर फार कमी बोलले जाते. खेड्यापाड्यांतून व दूरदेशांतून धान्य, खजूर, लोणी घेऊन काफिले मदीनेकडे येत. काही चतुर व्यापारी बाजाराबाहेर कित्येक मैल पुढे जाऊन त्यांना गाठत आणि शहरातला भाव त्यांना कळण्याआधीच माल घेऊन टाकत. पैगंबर (स.) यांनी हे थांबवले, एवढेच नव्हे तर माल विकून बसलेला माणूस बाजारात पोहोचून खरा भाव पाहील तेव्हा सौदा मोडण्याचा अधिकार त्याला असेल, असेही सांगितले. शाफई मत हा अधिकार देते. हनफी मतात भाव लपवला असेल किंवा शहरवासीयांना झळ पोहोचत असेल तर हे कृत्य मकरूह आहे, सौदा मात्र टिकतो. या व्यवहारात माल खरा, पैसा खरा, दोघांची संमतीही खरी आहे. खोट आहे ती एकाच ठिकाणी: एकाला बाजार ठाऊक आहे आणि दुसऱ्याला तो जाणूनबुजून कळू दिलेला नाही. कंपनीत काम करणारा भाचा किंवा लेखापरीक्षकाच्या कार्यालयातला मित्र करार जाहीर होण्याआधी कानात सांगतो आणि आपण ती खबर नसलेल्या माणसाकडून समभाग घेतो, तेव्हा आपण काफिल्याच्या वाटेवर जाऊन उभे राहिलेलो असतो. भारतीय कायद्यातही अशी अप्रकाशित माहिती वापरून व्यवहार करणे हा अपराध आहे. म्हणजे आतली खबर खोटी असेल तर आपण मूर्ख बनतो आणि खरी असेल तर दोषी.

हे सारे कोरियातच घडते असे नाही. तळेगावचा चिप प्रकल्प वाचक विसरले नसतील. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता समूह आणि फॉक्सकॉन यांनी गुजरात सरकारशी १.५४ लाख कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला आणि महाराष्ट्रात राजकीय वादळ उठले. त्या वादळात बाजारातली गोष्ट मागे पडली. करारानंतर सूचीबद्ध वेदांता लिमिटेडचा समभाग उसळला. पाठोपाठ कंपनीने बाजाराला कळवले की हा उद्योग तिच्याकडे नसून व्होल्कन इन्व्हेस्टमेंट्स या तिच्या मूळ प्रवर्तक कंपनीकडे आहे. मग भाव उतरला. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकामुळे हा उद्योग सूचीबद्ध कंपनीचाच आहे असा समज होत होता, या कारणावरून सेबीने जून २०२३ मध्ये वेदांताला ३० लाख रुपयांचा दंड केला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. कोणाच्या अंतःकरणातील हेतूबद्दल आपण निवाडा देऊ नये. आपल्या कामाचे एवढेच आहे की 'वेदांता' हे नाव वाचून ज्यांनी चढत्या भावात समभाग घेतला, त्यांनी कोणती वेदांता हे पाहिले असते तर बरे झाले असते. तबय्युन म्हणजे दरवेळी मोठा अभ्यास असतो असे नाही. कधी नाव नीट वाचणे एवढेच असते.

आता कायदाही या दिशेने आला आहे. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांनी जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, मुख्य माध्यमांतल्या वावडीमुळे भाव लक्षणीय हलला तर २४ तासांच्या आत ती मान्य करावी, नाकारावी किंवा खुलासा द्यावा, असा सेबीचा नियम आहे. हा खुलासा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. संदेश आल्यावर खरेदीचे बटण दाबण्याआधी तेवढे पाहणे, हे आजच्या काळातील तबय्युनचे पहिले पाऊल समजावे.

अफवेवर जगणाऱ्या सौद्यांचे रूप बहुधा त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याचे असते. येथे कब्जाचा प्रश्न येतो. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी विचारले होते की गिऱ्हाईक येते, माल माझ्याजवळ नसतो, तेव्हा तो आधी विकून मग बाजारातून आणून देऊ का, पैगंबर (स.) यांनी मनाई केली. आपल्या बाजारात घेतलेला समभाग पुढच्या कामकाजाच्या दिवशी डिमॅट खात्यात येतो. त्याच दिवशीच्या उलटसुलट व्यवहारात तो खात्यात येतच नाही. म्हणून समकालीन उलेमांपैकी अनेकांनी असा व्यवहार नाजायज ठरवला आहे. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कोकणी बांधवांनी, जे शाफई मसलकचे आहेत, येथे विशेष लक्ष द्यावे. हनफी फिकहमध्ये कब्जाची अट जंगम मालापुरती आहे, शाफई फिकहमध्ये ती स्थावरालाही लागू आहे, म्हणजे त्यांच्यासाठी हा दरवाजा अधिकच घट्ट बंद आहे.

वायदे आणि ऑप्शन्स यांवर येथे लांबण लावत नाही. १९९२ मध्ये जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ऑप्शन्सचे करार नाजायज ठरवले. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हे आकडे फिकहचा पुरावा नव्हेत. ९३ टक्के नफ्यात असते तरी हुकूम बदलला नसता.

याच वाक्यावर थोडे थांबू, कारण कोरियातील गोष्ट अजून पुरी झालेली नाही. सॅमसंगचा माल अखेर पुढे सरकला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कंपनीने सांगितले की एचबीएम३ई सर्व संबंधित ग्राहकांना पुरवले जात आहे, आणि त्याच सुमारास तिचा समभाग एक लाख वॉनच्या पुढे गेला. म्हणजे ४ जुलै २०२४ ची ती बातमी, जी त्या दिवशी खोटी होती, तिच्यातला करार पुढे वर्षभरानंतर प्रत्यक्षात उतरला! ज्याने तेव्हा ऐकीव गोष्टीवर घेतले आणि धीर धरून ठेवले, तो आज म्हणेल, पाहा, मी बरोबर होतो. आणि ज्याने त्याच बातमीवर उसने पैसे लावले आणि नोव्हेंबरमध्ये ४९,९०० ला विकून देणे फेडले, तो म्हणेल, मी फसलो. दोघांनी केलेली कृती एकच होती. एकाला मुदत मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. शरीअत कृतीकडे पाहते, कृती करताना माणसाजवळ कोणते ज्ञान होते हे पाहते. पुढे भाव कोठे गेला यावर ती निवाडा देत नाही. हुदहुदची वार्ता खरी निघाली म्हणून तपास करणे व्यर्थ ठरले नाही. त्याचप्रमाणे अफवा खरी निघाली म्हणून तपास न करणे योग्य ठरत नाही. बाजारात मात्र याच्या उलट शिकवण मिळते. तेथे जिंकलेला माणूस शहाणा ठरतो, आणि त्याचे ऐकून पुढच्या अफवेवर आणखी दहाजण पैसे लावतात.

राहिला प्रश्न आधीच मिळालेल्या नफ्याचा. वर सांगितलेला भेद येथे कामी येतो. कंपनीचा धंदा हलाल होता, समभाग खात्यात जमा झाल्यावरच विकला आणि खरेदीदाराने स्वतः कोणाला फसवले नाही, तर केवळ ऐकीव बातमीवर घेतला होता एवढ्या कारणाने तो नफा हराम होत नाही. हलगर्जीबद्दल इस्तिगफार करावा, कंपनीच्या उत्पन्नात व्याजाचा जो अंश असेल तेवढा भाग सवाबची अपेक्षा न धरता गरजूंना द्यावा आणि जकातच्या दिवशी विक्रीसाठी ठेवलेल्या समभागांचा बाजारभाव धरून जकात काढावी. खोटी बातमी स्वतः पेरून कमावले असेल, तर तेथे हुकूकुल-इबाद म्हणजे बंद्यांच्या हक्कांचा प्रश्न आहे. केवळ तौबाने तो मिटत नाही: ज्या गटात ती पेरली त्याच गटात ती खोटी होती असे लिहावे, आणि ज्यांचे नुकसान झाल्याचे ठाऊक आहे त्यांच्याकडून माफी घ्यावी, भरपाई द्यावी. त्याच दिवशी घेऊन विकलेल्या सौद्यांतील नफ्याबाबत आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारावे, आणि विचारायला जाताना दलालाची कॉन्ट्रॅक्ट नोट बरोबर न्यावी. खरेदीची, डिमॅट खात्यात जमा झाल्याची आणि विक्रीची तारीख पाहिल्याशिवाय त्यांना नेमके उत्तर देता येणार नाही.